डाग

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करत जायचं.
टण् आलं तर पत्रा आहे.
भस् आलं तर नुसता रंग उभा आहे,
सवयीनं.

मी खडूनं गोल काढत जाते.
चालकाच्या टाचेखाली एक,
हत्यारांच्या पेटीत तळाशी दोन,
मागच्या चाकाच्या कमानीवर एवढा मोठा
की खडूच संपला.

थोर्ग्रिमुर म्हणतो, हाल्बेरा, सोड.
अख्खं धूड मनिलाहून येतं बोटीनं,
कोरं, तेलात माखलेलं.
सांगाडा आपला, इंजिन आपलं,
वर नवं अंग चढवू, जूनमध्ये फिरायला मोकळे.
जन्मभर लोकांचे हिशेब लिहिलेत त्यानं.
त्याचं गणित बरोबरच असतं.

मी जन्मभर ट्रॉलर सांधले.
खारं पाणी लोखंडाला कुठून खातं, मला ठाऊक आहे :
दोन पत्रे एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात
तिथून.
या जीपच्या तळाशी आडव्या पन्हाळी आहेत,
त्यांत कारखान्यानंच लाकूड ठोकलेलं, आधाराला.
तेच लाकूड ओल धरून बसलं
आणि वरची जमीन आतून सडवत राहिलं.
(अशी माणसंही असतात. नावं घेत नाही.)

लढाई हिनं पाहिलीच नाही.
छावणी उठेपर्यंत कुणा कर्नलला
टपालापर्यंत नेलं-आणलं,
मग सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात
बाबांनी दोन गायी विकून घरी आणली.
पुढं तीस वर्षं गवत ओढलं.
गंजी रचता रचता
गंज चढला.

मंगळवारी जमीन कापली.
ठिणग्या, मग धूर, मग मेंढी जळाल्यासारखा वास.
ग्राइंडर थांबवला.

खाली ठिगळ होतं.
हेरिंगच्या तेलाच्या पिंपाचा पत्रा,
सिग्लुफ्योर्दुरची अक्षरं उलटी,
कडेनं रिव्हेट ठोकलेले, वाकडेतिकडे,
एकाचं डोकं दुसऱ्यावर चढलेलं.
माझ्या हाताखालच्या पोरानं असं काम केलं असतं
तर घरी पाठवलं असतं.
आणि ठिगळ नि जमीन यांच्यामध्ये
चरबीत भिजवलेली लोकर, बोट बोट जाड.
ती उचलली.
आतला पत्रा निळसर, गुळगुळीत,
नखानं वाजवला तर
टण्.

सैन्याचं सगळं गेलं होतं.
एवढं एक राहिलं होतं.

नवा पत्रा मी ठिगळाला वळसा घालून कापला.
कागदाचं माप, मग पुठ्ठ्याचं, मग लोखंडाचं.
शिवण एकदम ओढायची नाही,
पत्रा तापतो, रुसतो, पोट काढतो.
एक डाग इथं, दुसरा वीतभर लांब,
मग मागं फिरून मधला,
मध्ये हात लावून बघायचं निवलंय का,
मग पुढचा.
बाहेर बर्फ आडवं पडत होतं.

शनिवारी थोर्ग्रिमुर आला,
चांगल्या पँटमध्येच गाडीखाली सरकला, दिवा घेऊन.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग खालून :
"अकराच आहेत."
काय अकरा?
"रिव्हेट. बारा होते. मी तोंडात धरून बसलो होतो,
बाबा मागतील तसा एकेक द्यायला.
एक गिळला."

तो चार वर्षांचा होता. मला आठवलं :
आई तीन दिवस बागेत
त्याच्या मागं काठी घेऊन.
आम्ही हसलो. तो खाली, मी वर,
मध्ये जीप.

बारावं भोक मी पाहिलंच नव्हतं.
त्यातून दिव्याचा उजेड वर आला,
वाटाण्याएवढा,
माझ्या चष्म्याच्या काचेवर.

"बुजवू का?" मी विचारलं. "एक डाग मारला की झालं."
"नको. पाणी जायला
कुठून तरी वाट लागतेच."

मग बाहेर येऊन गुडघे झाडले
आणि गॅसच्या नळकांड्याचं बिल
अर्धं अर्धं करत बसला.